बदली सर

"इसोगाई सर, मिळाल्या एकदाच्या बाई!" शिक्षण मंडळातून फोन होता. "निवृत्त आहेत, पण तब्येत खणखणीत. सोमवारपासून पाठवू ना?"

पालकांच्या रोजच्या तक्रारींनी खचून चौथीचे त्सुचिदा सर आजारी रजेवर गेले, तेव्हापासून मुख्याध्यापक इसोगाई बदली शिक्षक शोधत होते. जुन्या शिक्षकांना त्यांनी स्वतः फोन केले होते. कुणी गुडघे पुढे केले, कुणी नातवंडं. शेवटी खडू घेऊन ते स्वतःच चौथीच्या वर्गात उभे राहिले होते.

आता फक्त हो म्हणायचं होतं. 'इतकी काही घाई नाही,' असं अगदी ओठांवर आलं.

"पाठवा," ते म्हणाले. "लगेच पाठवा."

उपमुख्याध्यापिका निवाबाई समोरच होत्या. "सुटलात, सर! किती वाळलात बघा."

"हो ना," म्हणत सर हसले.

शेवटच्या तासाला त्यांनी मुलांना बातमी दिली. मुलांना आधी नव्या बाईंचंच कुतूहल. ओरडतात का, दोरीवरच्या उड्या येतात का. मग खिडकीजवळच्या मुलीने, कोहारूने, हात वर केला.

"सर, मग तुम्ही कुठे जाणार?"

"कुठे नाही. माझ्या खोलीत."

"तिथे अजून कोण असतं?"

"कोणी नाही. मी एकटाच."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. "का? तुमचं काय चुकलं?"

वर्ग खो खो हसला. सरही हसले आणि फळा पुसायला वळले. स्वच्छ झाला तरी पुसतच राहिले.

सोमवारी नव्या बाई वर्गावर गेल्या. जेवणाची घंटा व्हायच्या बरंच आधी स्वयंपाकघरातल्या ओनुकीकाकूंनी मुख्याध्यापकांच्या टेबलावर ताट आणून ठेवलं. मुलांना वाढण्याआधी मुख्याध्यापकांनी जेवून बघायचं, असा नियमच. मधले दिवस ते निवाबाईंनी सांभाळलं होतं. भात, भाजलेला मासा, मुळ्याचं सूप.

भिंतीपलीकडे चौथीत कशावरून तरी मोठा हशा पिकला. जेवणाच्या काड्यांमध्ये धरलेला घास सरांनी तसाच थांबवला. हशा ओसरेपर्यंत ते ऐकत राहिले.

"कसं झालंय, सर?" दारातून काकूंनी विचारलं.

सरांनी घास खाल्ला. सावकाश गिळला.

"चांगलं झालंय," ते म्हणाले. "मुलांना वाढायला हरकत नाही."