शेवटच्या शेताची पाळी

फोनची घंटा वाजली. फोर्तुनाताच्या पाळीचे दोन तास संपले. पाणी मात्र पाटाच्या टोकाला असलेल्या तिच्या शेतापासून अजून हाकेच्या अंतरावर होतं. निम्मं कोरड्या पाटानंच पिऊन टाकलं होतं.

लिमाहून आलेला इंजिनिअर रेन्सो बांधावर उभा होता. पाण्याच्या पाळ्या लावायला फोनमध्ये कोणते नियम बसवायचे, ते त्याच्या हातातल्या कागदावर लिहिलेले होते. गावची पाटकरीण हिलारिया, तिची सही तेवढी राहिली होती. सही झाली की घंटेसरशी पाटाचं दार बंद, मग कुणाचं शेत जळो. म्हणून तिनं आधी पाणी सोडलं आणि साहेबाला पाण्यामागं इथवर चालवलं.

"करू का दार बंद?" शेजारी उभ्या फोर्तुनाताकडं बोट दाखवत हिलारिया म्हणाली. "तुमच्या कागदात हिचं शेत भिजलंसुद्धा."

"पण मी सभेत विचारलं होतं, बाई. प्रत्येकाला दोन तास, बरोबर ना? सगळे हो म्हणाले."

"पाहुण्याला तोंडावर नाही कोण म्हणणार? चंद्रावर पाट काढतो म्हणाला असता तरी हो म्हणाले असते. वर मक्याची दारू पाजली असती."

फोर्तुनाता शालीआड हसली. तिच्या मक्याची पानं उन्हानं गुंडाळली होती.

रेन्सोनं बूट काढले. या वेळी त्यानं फोर्तुनातालाच विचारलं, "तुमची पाळी सुरू कधी होते?"

"पाणी माझ्या मातीला लागलं की."

"आणि संपते कधी?"

"शेवटची सरी भरली की. घड्याळ काय मका खातं?"

त्यानं लिहिलेल्या मजकुरावर आडवी रेघ ओढली. कागद उलटा करून त्यावर फोनचं चित्र काढलं, चित्रात दोन चौकोन. एकात लिहिलं: पाणी आलं. दुसऱ्यात: शेत भिजलं. "आता तुम्ही सांगा, मी काय लिहिलंय." तिनं सांगितलं. त्याची एक गोष्ट चुकली होती. त्यानं खोडलं, पुन्हा विचारलं.

मग पाणी आलं. फोर्तुनातानं कागदावरच्या पहिल्या चौकोनावर बोट दाबलं. पाणी सऱ्यांत शिरलं, तिच्या घोट्यापर्यंत चढलं.

"भिजलं ना?" रेन्सोनं विचारलं.

फोर्तुनातानं हिलारियाकडं पाहिलं, मग थेट त्याच्याकडं.

"नाही, साहेब. तो कोपरा कोरडा आहे. थांबा."

हिलारियानं फावडं पुढं केलं. लिमाचा इंजिनिअर ते घेऊन चिखल तुडवत कोपऱ्याकडं निघाला.