जावयाची गाडी
"मेकॅनिक कायले पायजे? मी हाओ ना!" असं बायकोला ऐकवून धनंजयनं गाडीचा चिरलेला रेडिएटर पाइप घरीच सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून बांधला. सकाळी सासऱ्यांना, महादेवरावांना, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी देवळीहून वर्ध्याला न्यायचं होतं. सावंगीच्या अलीकडे पट्टी सुटली, पाणी वाहून गेलं, गाडी भररस्त्यात बंद पडली. धनंजय "नका, नका" म्हणेपर्यंत महादेवराव चाचपडत उतरून मागून ढकलू लागले. गाडी कडेला लागते तोच ओळखीची काळीपिवळी प्रवासी जीप थांबली. "काकाजी, जवायाच्या गाडीनं दगा देला!" ड्रायव्हर हसला. "नाई गा," महादेवराव म्हणाले, "गाडी चांगली हाये. मलेच मळमळून राह्यलं, म्हून थांबवली." बॉनेटमधली वाफ सगळ्यांना दिसत होती. जीपमध्ये समोर एकच जागा होती. महादेवराव मागच्या गर्दीत शिरले. "जवाईबापू, तुम्ही समोर बसा." वर्धा येईपर्यंत धनंजयला मागं वळून बघवलं नाही.