वडावरची वटवाघळं

सुरतेत प्लेग आला तेव्हा प्रमिलाबाई तापाने फणफणली होती. तिचा नवरा लोटू "पाणी लई येस" म्हणून हंडा घेऊन गेला, तो भुसावळच्या गाडीला लटकून गावाकडे पळाला. शेजारच्या चंचलबेनने दाराच्या फटीतून सरकवलेल्या गोळ्यांवर ती जगली.

दिवाळीच्या तोंडावर एका संध्याकाळी ती गच्चीवर वाळलेले कपडे काढत होती. लोटू येऊन शेजारी उभा राहिला, काही घडलंच नाही अशा थाटात. तिने त्याच्याकडे मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही.

दिवस मावळला. मिलमागच्या वडावरून वटवाघळं उठली आणि रोजच्यासारखी गच्चीवरून, अगदी खालून, खाडीकडे निघाली. प्रमिलाबाईपाशी आली की ती फाकत आणि तिच्या दोन्ही अंगांनी निघून जात. पंखांचा वारा तिच्या गालांना लागे.

लोटूला मात्र एकानेही वळसा घातला नाही. वटवाघळं सरळ त्याच्या छातीत शिरत होती आणि पाठीतून बाहेर पडत होती.

तिच्या हातातलं लुगडं गळून पडलं. तरी इतके दिवस घशाशी साठलेलं कडू तिच्या तोंडून बाहेर आलंच.

"माले मराले टाकीसन गयात तुम्ही. गावले पोचीसन मायले काय सांगं?"

वटवाघळं जातच होती. त्यांच्याआड लोटूचा चेहरा दिसेनासा होई, पुन्हा दिसे.

"पोचनूच कोठे, प्रमिला?" तो म्हणाला, आणि एक पाऊल जवळ सरकला.