घरी फोन केलास?

“सगळ्या वाहिन्यांनी प्रोफेसर टॅगर्ट गेल्याची बातमी दिली, तू कसला मुहूर्त बघतेयस?” संपादक डेलावर खेकसले. मृत्युलेख लिहून तयार होता, फक्त पाठवायचा होता. पण टेबलाच्या काचेखाली एक पिवळा कागद होता, पत्रकारितेच्या वर्गात तिने लिहिलेला पहिला मृत्युलेख. त्यावर टॅगर्ट सरांनी शून्य मार्क देऊन लाल शाईत विचारलं होतं, ‘घरी फोन केलास?’ डेलाने सरांच्या घरचा नंबर फिरवला. “अगं, विद्यापीठानेच कळवलंय, आणखी कुणाची सही हवी?” संपादक तिच्या डोक्यावर येऊन उभे राहिले. सहाव्या रिंगला सरांच्या मुलीने फोन उचलला. डेलाने चाचरत विचारलं, “सर... खरंच?” “हो, पहाटे गेले. कुणीतरी विचारायला फोन करेल, बाबा म्हणाले होते. सकाळपासून वाट बघतेय. सगळ्यांनी वय चुकीचं दिलंय. लिहून घ्या, एक्क्याऐंशी.” डेलाच्या लेखातही एकोणऐंशीच होतं.