पात्यांचा लगाम

मुलांनो, अशी कल्पना करा की तुम्ही पापण्या मिटल्यात आणि त्या उघडतच नाहीत. ओल्या पापण्या गोठून एकमेकींना चिकटल्या आहेत. अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावर मार्चच्या त्या दुपारी अशीच थंडी होती. शून्याखाली अडतीस अंश. त्यात वारा असा, की हातमोजा काढला तर पाच मिनिटांत बोटं कामातून जावीत.

त्या वाऱ्यात एक लाकडी खोली होती आणि खोलीबाहेर उंच खांबावर पवनचक्की. वारा पाती फिरवायचा, त्यातून वीज व्हायची आणि त्या विजेवर खोलीतले तीन हीटर तापायचे. तेल नाही, गॅस नाही. ही सगळी सोय नीलांबरीने केलेली. आत्ता ती बाहेर खांबाच्या पायथ्याशी वाकून पाती थांबवणाऱ्या ब्रेकची गोठलेली तार मोकळी करत होती.

आत दोघंच होते. तिची दहा वर्षांची मुलगी प्रीता, आणि दूर दक्षिणेच्या मॉरिसव्हिल शहरातल्या ऑफिसातून या सोयीच्या तपासणीला आलेले राजेशकाका. काकांना घाम फुटला होता.

"तुझ्या आईला नागपूरचा मे महिना इथे आणायचाय वाटतं," ते म्हणाले. "रिपोर्टमध्ये लिहितोच."

"काका, बाहेर वारा जास्त, तर आत हीट जास्त. दॅट्स द पॉइंट."

"मला पॉइंट शिकवू नकोस. ही काय पोरांना आणायची जागा आहे?"

ते उठले. गरज संपली की बटण बंद, ही त्यांच्या घरची शिस्त. लहानपणी विसरलं तर पाठीत धपाटा बसे. अमेरिकेत वीस वर्षं काढली, तरी हात आपोआप भिंतीकडे जात असे. टक, टक, टक. तिन्ही हीटर बंद झाले.

बाहेरचा आवाज बदलला. आधी घरघर होती, तिची शिट्टी झाली, शिट्टीची किंकाळी झाली. भिंती थरथरू लागल्या.

"हे काय आता?" काका म्हणाले.

"यू टर्न्ड देम ऑफ!" प्रीता ओरडली. "हीटर वीज खातात म्हणून पाती स्लो राहतात. आता त्यांना कोणी धरलंच नाहीये! ब्रेक पण जॅम आहे. पाती तुटली तर आईवर पडतील!"

"मग आईला हाक मार ना!"

"या वाऱ्यात? शी कान्ट हिअर!"

काकांना ढकलून तिने पहिलं बटण दाबलं. मग थांबली. सगळे हीटर एकदम लावले तर फिरत्या पात्यांना झटका बसतो, हे आईने शिकवलं होतं. किंकाळी जरा खाली आली. दुसरं बटण. पुन्हा थांबली. मग तिसरं. हळूहळू नुसती घरघर उरली. खिडकीच्या काचेवरचा बर्फ नखाने खरवडून तिने बाहेर पाहिलं. नारिंगी जॅकेट अजून वाकलेलं होतं, हात हलत होते.

काकांनी कपाळ पुसलं. चेहरा लाल झाला होता.

"झालं ना ठीक? आता त्यातला एक बंद कर. भाजतंय इथे."

"नो."

"मोठ्यांना नो म्हणतात? एका बटणाने काही आभाळ कोसळत नाही. हो बाजूला." त्यांनी हात पुढे केला.

प्रीता बाजूला झाली. सरळ दाराशी गेली, दोन्ही हातांनी कडी ओढली आणि दार सताड उघडलं. शून्याखालचे अडतीस अंश आत घुसले. टेबलावरचे रिपोर्टचे कागद उडाले, काका ओरडत मागे सरकले, आणि ते सावरायच्या आत प्रीता परत येऊन तिन्ही बटणांना पाठ लावून उभी राहिली. "आता नाही ना भाजत, काका?"