आबांचं रिटर्न

“आगं, नाव टाकलं की पुढचं पान उघडतंय. पण त्यात माझी पेन्शन कुठं लिवायची?” आबांनी फोनवर विचारलं.

संयोगितानं डोळे मिटले. हाच प्रश्न त्यांनी काल विचारला होता. परवाही.

“आबा, पेन्शन आपोआप येते त्यात. तुम्ही फक्त आकडा बरोबर आहे का ते बघायचं. काल सांगितलं की.”

“काल? काल आपण बोललो व्हय?”

ती स्वयंपाकघरातून गॅलरीत गेली, गॅलरीतून परत आत आली. सांगलीतल्या या फ्लॅटमध्ये एवढीच काय ती चालायची जागा. फोन चालू असला की तिला बसवत नसे.

आबा, म्हणजे तिचे वडील दादासो, कोयनानगरला एकटे राहत. वीजगृहात ऑपरेटर म्हणून उभी हयात घालवून निवृत्त झालेले. त्यांचं आयकराचं रिटर्न दरवर्षी जावई, संयोगिताचा नवरा, भरायचा. वीरधवल लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला की हातातला चहा निवायच्या आत काम उरकलेलं असे. फाल्गुनात तासगाव रस्त्यावर एका ट्रकनं वीरधवलला उडवलं, तो जागीच गेला, आणि यंदा आबांनी जाहीर केलं की कुणाच्या दारात जायचं नाही. सॉफ्टवेअर आहे, कॉम्प्युटर आहे, आपलं आपण भरायचं. तेव्हापासून रोज संध्याकाळी त्यांचा फोन येई.

तिला आधी नुसता राग यायचा. ओळखीपाळखीचं प्रत्येक माणूस फोन करून विचारत होतं, कशी आहेस. जन्मदात्या बापानं मात्र एकदाही विचारलं नव्हतं. त्यांचं आपलं पासवर्ड, पॅन आणि बँकेचा कोड.

त्यांना समजावायचं तर तेच पान समोर हवं, म्हणून तिनं एका संध्याकाळी वीरधवलचा लॅपटॉप कपाटातून काढला. वरची धूळ पदरानं पुसली. पुढच्या संध्याकाळी टेबलावरचे कपडे हलवून त्याला जागा केली. आबा विचारत राहिले, ती सांगत राहिली, आणि दुसऱ्या दिवशी पाटी पुन्हा कोरी.

मंगळवारी मात्र कडेलोट झाला. कर मोजायची जुनी पद्धत आणि नवी पद्धत यांतला फरक तिनं तासभर उलगडून सांगितला. सगळं ऐकून आबा म्हणाले, “बरं, पण ह्ये रिटर्न म्हंजे नेमकं काय असतं?”

“आबा, तुमचं लक्ष कुठं असतं?” तिचा आवाज असा चढला की समोरच्या गॅलरीतल्या बाईनं वळून बघितलं. “मी घसा कोरडा करतेय आणि तुम्ही ऐकत पण नाही. मला दुसरं काही नाही का?”



“चुकलं माझं,” आबा हळूच म्हणाले. “उद्या बघू.”

तिनं फोन ठेवला. रागाचा भर ओसरला तशी तिच्या मनात शंका आली. ज्या माणसानं कंट्रोल रूममधले शेकडो दिवे आणि खटके डोळे झाकून सांभाळले, त्याला कालचं आज आठवत नाही? तिच्या शाळेतल्या मैत्रिणीच्या, क्रांतीच्या सासूचं असंच सुरू झालं होतं. आधी गॅस चालू राहायचा, मग घराची वाट चुकली, शेवटी पोटच्या पोराला ‘आपण कोण’ म्हणून विचारलं.

एक माणूस गेलंच होतं. आता हे दुसरं, डोळ्यांदेखत.

बुधवारी सकाळी तिनं मेंदूच्या डॉक्टरांची शुक्रवारची वेळ घेतली. आतली खोली झाडून आबांसाठी पलंग लावला. केस विंचरले, कपाटातली इस्त्रीची साडी नेसली. फाल्गुनानंतर ती पहिल्यांदाच उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत होती, हे तिच्या ध्यानातही आलं नाही. आपण न्यायला येतोय हे आबांना कळवलं नाही. कळवलं असतं तर ते नको म्हणाले असते.

सांगलीहून कराड, कराडहून कोयनानगरची एसटी. पाटण मागं पडलं तसं धुकं खाली उतरलं. वळणावळणाला ती मनात प्रश्न घोळवत होती. आज वार कोणता? आईचं माहेर कुठलं? उत्तर चुकलं तर चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही.

ती पोचली तेव्हा आबांच्या दाराला कुलूप होतं. वाट चुकून कुठं गेले नसतील ना? ती तशीच समोरच्या रसूलचाचांच्या घराकडं वळली. चाचा आबांच्याच पाळीतले, जुने सोबती. पायऱ्या चढताना उघड्या खिडकीतून आबांचा आवाज ऐकू आला आणि तिचा जीव भांड्यात पडला.

“दोन्ही पद्धती मांडून बघितल्या, रसूल,” आबा सांगत होते. “ठेवीच्या व्याजावरची सूट नव्या पद्धतीत न्हाई. तुला जुनीच परवडती. आता हिथं दाब. मोबाईलवर नंबर यील, त्यो टाक. हां. झालं तुझं. आता कॉलनीत एकट्या धनाजीचंच भरायचं हाय.”

संयोगिता पायरीवरच थांबली.

“आवं दादासो,” रसूलचाचा म्हणाले, “तुमचं सोताचं तर जूनमधीच भरून झालंय. मग पोरीला रोज कशापायी पिडताय?”

खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“काल लय वरडली माझ्यावर,” आबा म्हणाले. “जावई गेल्यापासनं धड रडली न्हाई, का कुनावर चिडली न्हाई. काल पयल्यांदा तिचा आवाज ऐकला बघ. जरा थांब, फोनची येळ झाली. आज काय इसरायचं, तेवढं ठरवू दे.”