औंदा ताग

वाघोलीच्या आपल्या दोन एकरांत गेनबा मूठमूठ तागाचं बी फोकत होता. त्याचा मुलगा मच्छिंद्र बिल्डरचे कागद घेऊन थेट रानात येऊन उभा राहिला.

"आबा, ताग खायचा नाही, विकायचा नाही. फुलावर आला की नांगरून गाडायचा. कशाला हा उपद्व्याप?"

"पुढच्या सालच्या पिकाला खत व्हतं."

"दसऱ्याला सही करायची ठरलंय. पुढच्या साली इथं पार्किंग असेल."

"ठरलंय? कुणाचं?" गेनबाचा हात थांबला नाही.

"आई असती तर दरसालसारखी चवळी पेरली असती. रान झाकायचं आणि शेंगाही मिळायच्या."

गेनबानं ओच्यातून आणखी एक मूठ घेतली.

"दवाखान्यात तिलाच विचारलं व्हतं, चवळी आणू का म्हणून. डॉक्टरनं पंधरा दिवस सांगितलेले, तिला ठाऊक व्हतं. म्हणाली, औंदा चवळी नको, ताग आणा. पुढच्या साली आपल्याला वांगी लावायची हायेत."

मच्छिंद्रनं कागद या हातातून त्या हातात घेतले.

"सरक आता," गेनबा म्हणाला. "तू उभा हायेस तिथं पेरायचं राहिलंय."